पेलिस्टर की इन्फ्रारेड, एफएलपी की आयएस: गॅस डिटेक्टर भिंतीवर चढवण्याआधी

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी भोसरीतल्या एका हीट ट्रीटमेंटच्या शेडमध्ये पोरांनी सगळी मशीनं पुसून लखलखीत केली. पॅनेलचे दरवाजे, कन्व्हेयरची गार्डं, आणि भिंतीवरचे गॅस डिटेक्टरही. फडक्यावर गाडीच्या डॅशबोर्डला चमक आणायचा स्प्रे मारला होता. दुसऱ्या दिवशी झेंडूचे हार, हळदकुंकू, पेढे. पुढचे तीन महिने डिटेक्टर शून्य दाखवत राहिले आणि सगळे निर्धास्त होते. शून्य म्हणजे गॅस नाही, एवढंच सगळ्यांना माहीत. मी कॅलिब्रेशनला गेलो, सिलिंडरमधून ५० टक्के एलईएलचा (एलईएल म्हणजे हवेतल्या गॅसची खालची स्फोटमर्यादा) मिथेन सोडला, तर सहापैकी चार डिटेक्टर जागचे हलेनात. स्प्रेमधल्या सिलिकॉनने आतला उत्प्रेरक मणी निकामी केला होता. चार मेलेले डिटेक्टर तीन महिने हिरवा दिवा लावून भिंतीवर बसले होते.

तेव्हापासून कुणी "कोणता डिटेक्टर घेऊ?" असं विचारलं की मी किमतीच्या आधी एकच गोष्ट विचारतो: हा बिघडला तर तुम्हाला कळणार कसं? पुढची सगळी तुलना याच प्रश्नाच्या अंगाने केली आहे. कॅटलॉगमधल्या अचूकतेच्या आकड्यांवर मी वेळ घालवलेला नाही. नावाजलेल्या बनावटीचे डिटेक्टर त्या बाबतीत एकाच माळेचे मणी असतात.

कोटेशनच्या आधी नकाशा

चाकणच्या एका मेंटेनन्स हेडचा फोन आला, "सर, तीन कोटेशनं आलीत, सगळ्यात स्वस्त आहे त्याला देऊन टाकू का?" मी म्हटलं, झोनचा नकाशा पाठवा. तो नव्हता. तिन्ही एजन्सींनी आपापल्या अंदाजाने डिटेक्टर मोजले होते: एकाने आठ, दुसऱ्याने चौदा, तिसऱ्याने "साइट पाहून सांगतो". अशा कोटेशनांची तुलना करण्यात काही अर्थ नाही. तीन वेगळ्या शेडची ती कोटेशनं होती म्हणा ना.

धोक्याच्या जागांचं वर्गीकरण आपल्याकडे आयएस ५५७२ या भारतीय मानकाप्रमाणे होतं. स्फोटक मिश्रण कायम किंवा बराच काळ असतं ती जागा झोन ०. टाकीच्या आतली, द्रावणाच्या वरची पोकळी म्हणजे हीच. नेहमीच्या कामातच अधूनमधून मिश्रण तयार होऊ शकतं ती झोन १. बिघाड झाला तरच, आणि तोही थोडा वेळ, ती झोन २. नकाशावर आणखी दोन गोष्टी लिहिलेल्या हव्यात. पहिली गॅसचा गट: मिथेन, प्रोपेन टू-ए मध्ये, इथिलीन टू-बी मध्ये, हायड्रोजन आणि अॅसिटिलीन टू-सी मध्ये. दुसरी तापमानाचा वर्ग: टी४ म्हणजे उपकरणाचा पृष्ठभाग १३५ अंशांच्या वर जाणार नाही, टी६ म्हणजे ८५ अंशांच्या वर नाही.

गटाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. बाजारात सहज मिळणारं बरंच एफएलपी (फ्लेमप्रूफ) सामान टू-ए, टू-बीपर्यंतचंच असतं. भोसरीच्या त्या शेडमध्ये एंडोगॅस (हीट ट्रीटमेंटच्या भट्टीत भरायचा गॅस) बनतो, आणि त्यात साधारण ४० टक्के हायड्रोजन, २० टक्के कार्बन मोनॉक्साइड, उरलेला नायट्रोजन. तिथे टू-बीचा जंक्शन बॉक्स लावला तर कागदावर तो फ्लेमप्रूफ, प्रत्यक्षात नाही. भट्टीपाशी तर उघडी ज्योतच असते, तिथे झोनची भाषा चालत नाही, तिथले नियम ज्वलनाच्या सुरक्षेचे. पण एंडोगॅस बनवणाऱ्या जनरेटरची खोली, गॅस ट्रेन (बर्नरला गॅस पुरवणारे पाइप आणि व्हॉल्व), सिलिंडरचा मॅनिफोल्ड इथे नकाशा लागतोच.

नकाशा हातात आला की पहिला उद्योग डिटेक्टर वाढवण्याचा नसतो, सामान बाहेर काढण्याचा असतो. कंट्रोल पॅनेल, बॅटरी, चार्जर, रिले हे सगळं सुरक्षित जागेत नेता येतं. झोन १ मध्ये लावावंच न लागलेलं उपकरण सगळ्यात स्वस्त पडतं. चाकणला नकाशा झाल्यावर चौदाचे नऊ झाले, आणि पॅनेल शेडमधून उचलून बाहेरच्या भिंतीपलीकडे गेलं.

आणि पेसो, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्र सरकारची संस्था. आयात केलेल्या डिटेक्टरबरोबर युरोपचं प्रमाणपत्र येतं, विक्रेता ते दाखवून मोकळा होतो. पेट्रोलियम नियमांखालच्या जागेत तेवढ्यावर भागत नाही. नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोची मान्यता त्या नेमक्या मॉडेलला आहे का, हे ऑर्डर देण्याआधी बघा. माल आल्यावर बघितलं तर तो स्टोअरमध्ये धूळ खात बसतो.

पेलिस्टर आणि इन्फ्रारेड

ज्वलनशील गॅससाठी खरी निवड या दोघांतच असते. पेलिस्टर म्हणजे प्लॅटिनमच्या बारीक तारेच्या वेटोळ्यावर बसवलेले दोन मणी. एकावर उत्प्रेरक, दुसऱ्यावर नाही. गॅस आला की पहिल्या मण्यावर तो जळतो, मणी तापतो, तारेचा रोध वाढतो आणि व्हीटस्टोन ब्रिजचा तोल जातो. तो गेलेला तोल म्हणजेच आपल्याला दिसणारा आकडा. थोडक्यात हा गडी गॅस अक्षरशः जाळून बघतो, आणि त्याचे सगळे गुण-अवगुण तिथूनच निघतात.

जळणारं जवळपास सगळं त्याला कळतं. मिथेन, एलपीजी, सॉल्व्हंटची वाफ, आणि मुख्य म्हणजे हायड्रोजन. पण जाळायला प्राणवायू लागतो. हवेत प्राणवायू १० टक्क्यांच्या खाली गेला की त्याच्या वाचनावर विसंबू नका. नायट्रोजनने पर्ज केलेल्या टाकीत पेलिस्टरवाला हातातला मीटर घातला तर तो खुशाल शून्य दाखवील, आत मिथेन कितीही असो. म्हणून टाकीत डोकावण्याआधी क्रम ठरलेला असतो: आधी प्राणवायू, मग ज्वलनशील, मग विषारी. याचंच दुसरं टोक म्हणजे गळती इतकी मोठी की हवाच उरत नाही. तेव्हा वाचन वर चढतं आणि मग खाली येतं. पॅनेलने वरचा आकडा धरून ठेवला नाही, तर नंतर आलेल्या माणसाला परिस्थिती निवळल्यासारखी दिसते.

मणी मारणारी विषं अनेक. सिलिकॉन पहिल्या नंबरचा शत्रू, शिवाय शिशाची संयुगं. गंधकाची आणि क्लोरीनसारख्या हॅलोजनची संयुगं मण्याला मंद करतात. मेलेल्या पेलिस्टरचं वाचन शून्य असतं, म्हणजे सुरक्षित हवेचं असतं तेच. तार तुटली तर फॉल्ट येईल, पण विषबाधेची बातमी तो स्वतः कधीच देत नाही. ती फक्त बंप टेस्टमध्ये, खरा गॅस सोडल्यावरच कळते.

इन्फ्रारेडची तऱ्हा उलटी. त्यात ३.३ ते ३.४ मायक्रॉनच्या आसपासचा प्रकाश गॅसमधून जातो, हायड्रोकार्बन तो शोषून घेतं. शेजारी दुसऱ्या तरंगलांबीचा प्रकाश तुलनेसाठी असतो. दिवा अशक्त झाला, आरसा मळला, की दोन्ही प्रकाश कमी पडतात आणि डिटेक्टर आपणहून फॉल्ट देतो. प्राणवायू लागत नाही. सिलिकॉनने त्याचं काही वाकडं होत नाही. नीट सांभाळला तर पेलिस्टरच्या तीन-पाच वर्षांसमोर तो दहा वर्षं काढतो.

मग सरळ इन्फ्रारेडच घ्यावा की! इथेच भोसरीची शेड पुन्हा आठवते. हायड्रोजन हा प्रकाश शोषतच नाही. कार्बन मोनॉक्साइडचा पट्टा वेगळा. त्यामुळे एंडोगॅसच्या खोलीत हायड्रोकार्बनचा इन्फ्रारेड डिटेक्टर जन्मांध आहे. तो कधी बिघडणार नाही, कधी फॉल्ट देणार नाही, आणि खोली भरून गॅस साचला तरी शून्यच दाखवील. अॅसिटिलीनलाही या पट्ट्यावर भरवसा नाही. बॅटरी चार्जिंग रूम, हायड्रोजनचे सिलिंडर, वेल्डिंगचं अॅसिटिलीन, हायड्रोजनेशनची रिअॅक्टर या ठिकाणी पेलिस्टरला पर्याय शोधत बसू नका.

इन्फ्रारेड विकणारे एक गोष्ट सांगत नाहीत, ती मला तळेगावला कळली. पावसाळा संपता संपता एका डिटेक्टरच्या पावसाच्या टोपीत कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं. गॅस आत जायची वाट बुजली, पण आतला प्रकाशमार्ग स्वच्छच होता. फॉल्ट कशाला येईल? म्हणजे "आपोआप कळतं" हे फक्त प्रकाशापुरतं खरं आहे, गॅस आत पोचतोय का हे त्यालाही कळत नाही. इन्फ्रारेड घेतला म्हणून बंप टेस्ट सोडू नका. लांबणीवर टाकता येते, एवढंच.

पेंट शॉपमधला मामला थोडा गमतीचा आहे. सिलिकॉनचा अंश हवेत असला की रंगावर फिश आय (बारीक गोल खड्डे) पडतात, म्हणून शिस्तीच्या पेंट शॉपमध्ये सिलिकॉनला रंगाच्या काळजीने आधीच बंदी असते. तिथे पेलिस्टर बराच टिकतो. शेजारच्या प्लास्टिक मोल्डिंगच्या शेडमध्ये मात्र साच्यातून माल सुटावा म्हणून मोल्ड रिलीजचा सिलिकॉनवाला स्प्रे दिवसभर उडत असतो आणि दोन्ही शेडचं छप्पर एकच असतं. पेंट शॉपचा खरा प्रश्न वाचनाचा. मिथेनवर कॅलिब्रेट केलेला पेलिस्टर टोल्युइन या रंगातल्या सॉल्व्हंटची वाफ जवळपास निम्मी किंवा त्याहून कमी दाखवतो. तुम्ही २० टक्क्यांवर अलार्म लावलाय, तो वाजेल तेव्हा खोलीत ४० झालेले असतील. इन्फ्रारेडलाही त्या त्या वाफेचा हिशेब लावावा लागतोच. एजन्सीला विचारा, कॅलिब्रेशन कोणत्या गॅसवर आणि गुणक किती? उत्तर द्यायला ती अडखळली तर दुसरी बघा.

पैशाचं म्हणाल तर इन्फ्रारेड घेताना अंगावर येतो. पण उंचावर, मचाण बांधल्याशिवाय पोचता येत नाही अशा जागी दर तीन महिन्यांनी माणूस चढवायचा खर्च धरला की फरक झपाट्याने कमी होतो. माझा कल असा: पीएनजी (पाइपने येणारा नैसर्गिक गॅस, मुख्यतः मिथेन) आणि एलपीजीच्या लाइनवर, हात न पोचणाऱ्या जागी इन्फ्रारेड. हायड्रोजन असेल तिथे, किंवा चारच डिटेक्टर आहेत आणि कॅलिब्रेशन चुकवत नाही असा माणूस पगारावर आहे तिथे पेलिस्टर.

एलईएल माणसाला वाचवत नाही

एलईएलचा डिटेक्टर आग आणि स्फोटाची काळजी करतो, श्वासाची नाही. कार्बन मोनॉक्साइडची खालची स्फोटमर्यादा हवेत सुमारे १२.५ टक्के. म्हणजे एलईएलच्या एक टक्का वाचनाला हवेत १२५० पीपीएम (दहा लाख भागांत १२५०) झालेला असतो, आणि तेवढ्यात माणूस कोसळतो. पॅनेलवर एकचा आकडा बघून कुणी मानही वळवणार नाही. टोल्युइनचंही तसंच. म्हणून एंडोगॅसच्या खोलीत ज्वलनशील गॅसच्या डिटेक्टरबरोबर कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर हवाच, दोघांपैकी एक निवडायचा नसतो.

इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर हा एक छोटा बॅटरीसारखा सेलच. वीज नगण्य खातो, पीपीएममध्ये मोजतो, दोन-तीन वर्षांत संपतो. आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हाळ्यात पत्र्याखाली लावला तर आतला द्राव सुकून त्याआधीच मान टाकतो. शिवाय कार्बन मोनॉक्साइडचा साधा सेल हायड्रोजनलाही प्रतिसाद देतो. एंडोगॅसजवळ घ्यायचा असेल तर हायड्रोजनची भरपाई असलेलाच मागा, नाहीतर खोट्या अलार्मला कंटाळून कुणीतरी हूटरची वायर काढून ठेवील. मी तशी काढलेली पाहिली आहे, वर इन्सुलेशन टेप व्यवस्थित गुंडाळलेली.

उंचीचं थोडक्यात. एलपीजी हवेपेक्षा जड, जमिनीपासून फूट-दीड फुटावर, आणि जवळ केबल ट्रेंच असेल तर ट्रेंचमध्येही. मिथेन हवेच्या निम्म्याहून थोडा जड, हायड्रोजन तर फारच हलका. दोन्ही छताखाली, जिथे हवा कोंडते तिथे. कार्बन मोनॉक्साइड जवळपास हवेइतकाच, म्हणून माणसाच्या नाकाच्या उंचीला. एलपीजी सोडून पीएनजी घेतलेल्या कारखान्यांत मी हमखास जुने डिटेक्टर फूटभर उंचीवरच पाहतो. एमएनजीएल या गॅस कंपनीची लाइन आली, बर्नर बदलले, डिटेक्टर वर न्यायचे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. ते चालू असतात, कॅलिब्रेटही असतात. मिथेन त्यांच्या डोक्यावरून निघून जातो.

एफएलपी आणि आयएस

आता जोडणी. फ्लेमप्रूफ, म्हणजे आपलं एफएलपी, स्फोट होऊच नये असं म्हणत नाही. आत झाला तर तो आतच राहावा, आणि झाकणाच्या फटीतून बाहेर येता येता ज्योत थंड पडावी, एवढंच ते बघतं. आयएस, म्हणजे इन्ट्रिन्सिकली सेफ, मुळातच इतकी कमी ऊर्जा धोक्याच्या जागेत पाठवतं की ठिणगी पडली तरी गॅस पेटत नाही.

अर्धी निवड सेन्सरच करून टाकतो. पेलिस्टरला मणी तापवायला सतत वीज लागते, त्यामुळे भिंतीवरचा पेलिस्टर सहसा एफएलपी डब्यातच येतो. इलेक्ट्रोकेमिकल जेमतेम ४ ते २० मिलिअँपच्या लूपवर (वाचन पाठवणाऱ्या तारांच्या जोडीवर) जगतो, त्याला आयएस छान बसतं. उरलेल्या अर्ध्या निवडीसाठी तुमच्याकडे कामाला माणसं कोण आहेत ते बघा.

एफएलपीच्या चुका डोळ्यांना दिसतात. वाहतुकीसाठी लावलेलं प्लास्टिकचं बूच रिकाम्या भोकात तसंच राहिलेलं, एक बोल्ट कमी, ग्लँड (केबल डब्यात शिरते तिथला जोड) साधा. नियम साधे आहेत पण एकही सोडायचा नाही: आर्मर्ड केबलला प्रमाणित डबल कॉम्प्रेशन ग्लँड, किमान पाच पूर्ण आटे गुंतलेले, रिकाम्या भोकाला प्रमाणित मेटल प्लग, झाकणाच्या कडेवर ओरखडा नाही. ग्लँड मागवताना डब्याचे आटे कोणते ते विचारा. डबा पाऊण इंच एनपीटीचा आणि ग्लँड एम२० चा असा जोड गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी सकाळी उघडकीला येतो, तेव्हा भोसरीतलं दुकान बंद असतं. मग इलेक्ट्रिशियन एकावर एक दोन रिड्यूसर चढवतो, जे चालत नाही, किंवा टेफलॉन टेपचे वेढे देतो. आणि डब्याला स्वतः नवीन भोक पाडलं की तो एफएलपी राहत नाही, मग मान्यतेचा कागद फाइलमध्ये कितीही जपून ठेवा.

एफएलपीची अडचण देखभालीची. झाकण उघडायचं तर आधी वीज बंद. चुंबकाच्या कांडीने झाकण न उघडता कॅलिब्रेशन करता येणारी मॉडेलं मिळतात. थोडे पैसे जास्त गेले तरी तीच घ्या.

आयएस मध्ये चालू लाइनवर झाकण उघडता येतं, सेन्सर बदलता येतो, उत्पादन थांबत नाही. निळी केबल, वेगळा ट्रे, इतर टर्मिनलपासून ५० मिलिमीटरचं अंतर. धोक्याच्या जागेत जाणारी ऊर्जा अडवायला झेनर बॅरियर वापरलात तर त्याला एक ओहमपेक्षा कमी रोधाची खास अर्थिंग लागते, आणि ती वर्षानुवर्षं तशीच राहिली पाहिजे. गॅल्व्हॅनिक आयसोलेटर महाग, पण त्या अर्थिंगची कटकट नाही. आपल्याकडच्या जुन्या शेडमधली अर्थिंग बघता मी आयसोलेटरच लिहून देतो.

आयएसची खरी गोम कागदात आहे. बॅरियरचं व्होल्टेज, करंट आणि पॉवर डिटेक्टरला झेपणाऱ्या मर्यादेच्या आत हवं. डिटेक्टर आणि केबल मिळून कपॅसिटन्स आणि इंडक्टन्स बॅरियरच्या मर्यादेत हवा. हे गणित लूपगणिक लिहून ठेवायचं. दोन वर्षांनी कुणीतरी जळालेला बॅरियर काढून कपाटातला दुसरा बसवतो, किंवा त्याच लूपवर साधा इंडिकेटर जोडतो. वाचन अगदी बरोबर येत राहतं. फक्त ती लूप आता आयएस उरलेली नसते, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून कुरकुंभमधल्यासारख्या केमिकल प्लँटमध्ये, जिथे स्वतंत्र इन्स्ट्रुमेंट विभाग आहे, फाइल कुणाच्या तरी ताब्यात आहे, तिथे आयएस. ठेक्यावरचा इलेक्ट्रिशियन दर सहा महिन्यांनी बदलतो अशा भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमध्ये एफएलपी. तिथे चूक झाली तर शिडी लावून बघणाऱ्याला ती दिसते तरी.

वायरलेस डिटेक्टरबद्दल लोक हल्ली फार विचारतात. केबल टाकणं खरोखरच अशक्य असेल अशा टँक फार्मच्या टोकाला ठीक. बाकी ठिकाणी बॅटरी बदलायची आठवण ठेवणारा माणूस तुमच्याकडे आहे का, हाच प्रश्न उरतो. हातातला पोर्टेबल मीटर तर भिंतीवरच्या डिटेक्टरला पर्याय नाहीच. तो ज्याच्या खिशाला आहे त्याच्यापुरता.

वीज गेल्यावर कळणारी चूक

केबलची जाडी कोटेशनमध्ये सगळ्यात खाली, बारीक अक्षरात असते, आणि पैसे वाचवायचे असले की कात्री तिथेच लागते. एक हिशेब करून बघा. पॅनेल २४ व्होल्ट देतं. समजा पेलिस्टर २५० मिलिअँप घेतो आणि त्याला किमान १६ व्होल्ट लागतात. वाटेत ८ व्होल्ट पडलेले चालतील, म्हणजे जाऊन-येऊन ३२ ओहम. दीड चौरस मिलिमीटर तांब्याचा रोध किलोमीटरला १२.१ ओहम, दोन्ही तारा मिळून २४.२, म्हणजे सव्वा किलोमीटरहून जास्त केबल चालेल. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या केबलला हीच मर्यादा चारशे मीटरच्या आसपास येते. तुमची केबल तीनशे मीटर, त्यामुळे बारीक केबल पास होते आणि कमिशनिंगला सगळं चालतं.

मग एका दुपारी वीज जाते. पॅनेल बॅटरीवर येतं, बॅटरी उतरत २१ व्होल्टवर जाते. आता पडायला फक्त ५ व्होल्ट, म्हणजे २० ओहम, म्हणजे बारीक केबल अडीचशे मीटरच चालेल. वीज गेली, एक्झॉस्ट बंद पडला, म्हणजे गॅस साचायची शक्यता सगळ्यात जास्त, नेमक्या त्या वेळी लांबचे डिटेक्टर एकेक करून गळतात. कमिशनिंगच्या दिवशी चार्जरचा एमसीबी पाडून, तासभर बॅटरीवर चालवून बघा. एजन्सीला हे आवडत नाही.

एक्झॉस्टवरून आठवलं. अलार्म आला की पंखा आपोआप सुरू व्हावा, अशी जोडणी सगळे मागतात. तो पंखा आणि त्याची मोटर त्या झोनच्या दर्जाची आहे का? साधा पंखा असेल तर तुम्ही गॅस साचल्यावर ठिणगी पाडणारं यंत्र बसवलंय. त्यापेक्षा आधी शेडबाहेरच्या भिंतीवरचा सोलेनॉइड व्हॉल्व बंद होऊ दे.

गुरुवारचं काम: एजन्सी की घरची माणसं

आपल्या पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, त्यामुळे बसवायचं कामही गुरुवारी. मशीनं थांबली म्हणजे गॅस गेला, असं मात्र नाही. लाइन भरलेलीच असते. नुसता व्हॉल्व फिरवून भागत नाही, जिथे ड्रिल मारायचं तिथली लाइन ब्लाइंड (पाइप बंद करणारी चकती) टाकून वेगळी करा, रिकामी करा, आणि ड्रिल हातात घेण्याआधी मीटर शून्य आहे याची नोंद परमिटवर करा. ब्रॅकेट वेल्ड करायचा मोह टाळा. क्लॅम्पने खांबाला आवळला तर हॉट वर्कचा (ज्योत-ठिणगीच्या कामाचा) निम्मा प्रश्न संपतो. केबलला मेगर (इन्सुलेशन तपासायचं उपकरण) मारायचा तो डिटेक्टर जोडण्याआधी, नाहीतर ५०० व्होल्टने आतलं कार्ड जातं. आणि मेगर स्वतःच ठिणगी पाडू शकतो, तोही परमिटमध्येच धरा.

सेन्सरचं डोकं सगळ्यात शेवटी बसवा. ट्रे, केबल, जंक्शन बॉक्स, रंगकाम, सगळं झाल्यावर. पत्र्याची भोकं बुजवायला गवंडी जो सिलिकॉन सीलंट वापरतो, तोच तुमचा नवा कोरा पेलिस्टर पहिल्या आठवड्यात मारून टाकतो.

ट्रे, ब्रॅकेट, केबल ओढणं हे घरच्या माणसांनी किंवा ओळखीच्या ठेकेदाराने केलं तर चालतं, स्वस्तही पडतं. टर्मिनेशन आणि कमिशनिंग एजन्सीकडेच ठेवा. पैसे मात्र पूर्ण देऊ नका, जोवर प्रत्येक डिटेक्टरवर तुमच्या माणसासमोर गॅस सोडून अलार्म, व्हॉल्व आणि हूटर तिन्ही चालले असं दिसत नाही. पॅनेलवरून नुसता ४ ते २० मिलिअँप सोडून दाखवणं ही चाचणी नव्हे, त्यात सेन्सर येतच नाही. कॅलिब्रेशनचा सिलिंडर मात्र स्वतःचा घ्या, आणि पेलिस्टरसाठी तो हवेत मिसळलेला मिथेन हवा. नायट्रोजनमधला स्वस्त मिळाला म्हणून आणलेला सिलिंडर चांगल्या पेलिस्टरलाही मेलेला ठरवतो. एका ठिकाणी अशाने तीन उत्तम सेन्सर भंगारात गेले होते.

चाकणच्या त्या मेंटेनन्स हेडने शेवटी मधलं कोटेशन घेतलं. पेंट शॉपला इन्फ्रारेड, टोल्युइनच्या गुणकासकट, सगळं एफएलपी, दीड चौरस मिलिमीटरची केबल. भोसरीला जनरेटरच्या खोलीत टू-सीचा पेलिस्टर, नाकाच्या उंचीला कार्बन मोनॉक्साइडचा सेल, पीएनजीच्या गॅस ट्रेनवर छताखाली इन्फ्रारेड. डॅशबोर्डचा स्प्रे शेठने स्टोअरच्या कपाटात कुलपात ठेवलाय आणि किल्ली स्वतःकडे. गेल्या खंडेनवमीला पोरांनी डिटेक्टरला कोरडं फडकं तेवढं मारलं. कापूर, उदबत्ती शेडच्या बाहेर. झेंडूचा हार मात्र कुणीतरी सेन्सरच्या तोंडावरच घातला होता. तो काढून मी जंक्शन बॉक्सला घालायला लावला.